शेवटचा निकाल

एखाद्या भीषण हत्याकांडातील आरोपींना फाशीची शिक्षा झाल्याचे वृत्त वाचले, की आपल्या घरांतून सहज उद्गार निघतो, "बरे झाले!" पुढे अपील झाल्याचे कळले, म्हणजे "गुन्हा शाबीत झाल्यावर आता ही वकिली कशाला?" असा प्रश्नही उमटतो. आमच्याही मनात तो अनेकदा आला आहे. म्हणूनच महाराष्ट्रातीलच एका खटल्याची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

२००३ च्या जून महिन्यात दरोडेखोरांनी एका गरीब कुटुंबावर रात्री घाला घातला व पाच जणांचे प्राण घेतले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. हे सहाही भटक्या जमातीतील. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही; मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, सरकारचे अपील मान्य करून, त्या तिघांनाही पुन्हा फाशीच फर्माविली. सामान्य माणूस म्हणेल, येथे सारे संपले!

परंतु कायद्याने फेरविचाराचे दार उघडे ठेवले होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष ठरविले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांजवळील छायाचित्रांतून आरंभी निराळीच चार माणसे ओळखली होती; त्यांच्याविषयी तपासच झाला नव्हता! सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अज्ञान होता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. पण तुरुंगात गेलेली सोळा वर्षे कोण भरून देणार?

फेरविचारही फेटाळला गेला, तर दोषनिवारण अर्जाची वाट २००२ पासून आहे. मूलभूत हक्कांवर आघात झाला असेल, तर राज्यघटनेच्या ३२ व्या कलमान्वये थेट सर्वोच्च न्यायालयाकडे रिट अर्ज करता येतो. कायम झालेल्या फाशीतही शिक्षेपुरती सुनावणी याच कलमाखाली पुन्हा होऊ शकते, असे त्या न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरविले. कैद्याजवळ पैसा नसल्यास १९८७ च्या कायद्याने त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो.

ह्या पायऱ्या गुन्हेगाराच्या सोयीसाठी बांधल्या आहेत, असे समजणे चुकीचे होय. न्यायाधीशही मनुष्यच; चूक उमगली असता ती सुधारण्यास अवसर हवा, आणि फाशी एकदा दिली की तो अवसर उरत नाही. शिवाय, निरपराध्याला फासावर चढविल्याने मेलेल्यांना न्याय मिळतो थोडाच? खरा अपराधी तेवढा निर्धास्त होतो. तेव्हा असे वृत्त पुन्हा वाचताना, "बरे झाले" म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती.