पट्टेरी पंखांचे नाकतोडे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाकतोडा सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण नीट निरखलेला क्वचितच. माळरानावर, मुरमाड वाटेवर, नांगरून ठेवलेल्या रानात भेटणारे पट्टेरी पंखांचे नाकतोडे तर अनेकांना वेगळे ओळखूही येत नाहीत. शास्त्रीय वर्गीकरणात त्यांच्या उपकुळाला ‘ईडिपोडिनी’ म्हणतात. गॅस्ट्रिमार्गस, इडॅलियस आणि ट्रायलोफिडिया ही त्यातली आपल्याकडे आढळणारी काही नावे.

गैरसमज: नाकतोडा हिरवाच असतो.
वस्तुस्थिती: या गटातले बहुतेक नाकतोडे मातकट, राखाडी किंवा तपकिरी असतात, कारण त्यांचा वावर उघड्या जमिनीवर असतो. ट्रायलोफिडिया जेमतेम दोन सेंटिमीटरचा. त्याला बाजूने पाहिले, तर डोक्यामागच्या ढालीवर दोन टोकदार दाते दिसतात. अंगावरचे ठिपके आणि खडबडीतपणा मुरमाशी इतका जुळतो की तो हलेपर्यंत खडाच वाटतो. काही जातींची पिल्ले वाढताना, कात टाकता टाकता, भोवतालच्या जमिनीशी जुळणारा रंग धारण करतात.

गैरसमज: भडक पंखांमुळे तो शत्रूच्या तावडीत सापडतो.
वस्तुस्थिती: हेच पंख त्याला वाचवतात. रंग असतो तो मागच्या पंखांवर. बसल्यावर ते पुढच्या मातकट पंखांखाली पंख्यासारखे मिटलेले असतात. गॅस्ट्रिमार्गस उडाला की पिवळाधमक रंग आणि त्याला वेढणारा काळसर पट्टा एकदम उघडतो. पाठलाग करणाऱ्या पक्ष्याची नजर त्या पिवळ्यावर खिळते. नाकतोडा जमिनीवर टेकतो, पंख मिटतो आणि पिवळा रंग नाहीसा होतो. पक्षी पिवळे काही शोधत राहतो आणि समोरचा मातकट जीव त्याला दिसत नाही.

गैरसमज: नाकतोडा तोंडाने आवाज काढतो.
वस्तुस्थिती: रातकिडा पुढचे पंख एकमेकांवर घासतो. या गटातल्या काही जाती मात्र उडता उडता मागच्या पंखांचा पडदा झटक्याने ताणून कडकड असा आवाज काढतात. तो ऐकणारे कानही डोक्यावर नसतात, ते पोटाच्या पहिल्या खंडावर दोन्ही बाजूंना असतात.

गैरसमज: पकडल्यावर तो तोंडातून विष सोडतो.
वस्तुस्थिती: तो तपकिरी द्रव म्हणजे अर्धवट पचलेला पाला. शत्रूला किळस यावी म्हणून तो ओकला जातो. माणसाला त्यापासून अपाय होत नाही, हात धुतले की झाले.

गैरसमज: टोळ हा नाकतोड्यांहून वेगळाच कीटक आहे.
वस्तुस्थिती: टोळ हेही नाकतोडेच. काही मोजक्या जाती दाटी झाली की रंग आणि वागणूक बदलून झुंडीने फिरू लागतात. 1921 मध्ये बोरिस उवारोव्ह यांनी दाखवून दिले की एकटा राहणारा आणि झुंडीत फिरणारा स्थलांतरी टोळ ही एकाच जातीची दोन रूपे आहेत. तो टोळ याच पट्टेरी पंखांच्या गटातला. मे 2020 मध्ये विदर्भात उतरलेला वाळवंटी टोळ मात्र दुसऱ्या उपकुळातला. या गटातल्या बहुतेक जाती अशा झुंडी कधीच करत नाहीत. त्यामुळे माळावर चार नाकतोडे दिसले म्हणून लगेच फवारणी करण्याचे कारण नाही.

गैरसमज: उघडा माळ म्हणजे पडीक, निरुपयोगी जमीन.
वस्तुस्थिती: या नाकतोड्यांना तीच जमीन लागते. मादी पोट लांबवून ते मातीत खुपसते आणि फेसाच्या आवरणात अंड्यांचा पुंजका ठेवते. पिल्ले कोषात न जाता थेट छोट्या नाकतोड्याच्या रूपात बाहेर पडतात. हिवाळ्यात आपल्या माळांवर येणारे भोवत्या ससाणे, तसेच तणमोर आणि माळढोक हे नाकतोड्यांवर ताव मारणारे पक्षी.

सरसकट खड्डे खणून दाट झाडे लावली की माळावरची ही अन्नसाखळीच तुटते. म्हणून वृक्षारोपणाची जागा ठरवताना आधी तो मूळचा गवताळ माळ आहे का, हे तपासा. असेल, तर तो तसाच राहू द्या.