माणूस परगावी जातो, तिकीट तोच काढतो : खर्च कसा आवरावा?

मालेगाव, भिवंडीच्या कापडवाल्यांचा माणूस महिन्यातून एकदा तरी सुरतेला, अहमदाबादेला नाहीतर राजस्थानात पाली-बालोत्र्याला जातोच. नमुने दाखवायचे, प्रोसेसला टाकलेल्या ग्रे कापडाची चौकशी करायची, अडकलेली उधारी आणायची. पूर्वी त्याचे तिकीट पेढीवरून निघत असे. आता मोबाईलवर तो स्वतःच गाडी बघतो, लॉज ठरवतो आणि परतल्यावर बिले मुनीमजींपुढे ठेवतो. वाद तेथे सुरू होतो.

आमचे मत असे की, या खर्चात नोकराच्या लबाडीपेक्षा मालकाच्या उशिराचा वाटा मोठा आहे. रात्री शटर ओढता ओढता मालक म्हणतो, "भाई, परवा सुरतेला निघा." नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, पण आपण ते दिवस वाया घालवलेले असतात. उरते तत्काळ. ते आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गाचे सकाळी 10 ला आणि स्लीपरचे 11 ला. त्याला जादा पैसे पडतात, आणि पक्के झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास परतावा नाही. जुलै 2025 पासून ते मोबाईलवर काढायचे तर खाते आधारशी जोडलेले लागते. तेही हुकले की खाजगी ट्रॅव्हल्स, आणि सणासुदीला त्यांचे भाडे कोण विचारतो! उधारीच्या तारखा वहीत लिहिलेल्याच असतात. त्या पाहून महिन्याच्या फेऱ्या आधी ठरवाव्यात.

वारही पाहावा. मालेगावात शुक्रवारी सुट्टी, सुरतेच्या कापड बाजारात रविवारी. माणूस शनिवारी दुपारी पोहोचला आणि काम अर्धे राहिले, तर सोमवारपर्यंत लॉजचे भाडे चालू.

नियम कागदावर असावा : किती अंतराला कोणता वर्ग, कोणत्या शहरात खोलीला जास्तीत जास्त किती. जेवण-रिक्षाला ठरावीक भत्ता द्यावा, चहाच्या चिठ्ठ्या मागू नयेत. मात्र खोलीचा भत्ता उक्ता देऊ नये, तिचे बिलच घ्यावे. उक्ते पैसे मिळाले की गरजू माणूस स्टेशनवर रात्र काढून ते वाचवतो आणि सकाळी चुरगळलेल्या कपड्यांनी आडत्यासमोर उभा राहतो. पेढीची पत त्याच्यावरूनच जोखली जाते.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला कुणाला आवडत नाही. पुष्कळ ठिकाणी माणूस आपल्या खिशातून खर्च करतो आणि पैसे मिळतात महिनाअखेरीस. तुटपुंज्या पगारातून चार-पाच हजार अडकले तर त्याच्या घरचा किराणा थांबतो. ही नोकराकडून घेतलेली उधारीच झाली. मग बिल थोडे फुगवून तो ती वसूल करतो. निघण्यापूर्वी उचल द्यावी आणि परतल्यापासून तीन दिवसांत हिशेब मिटवावा.

तिकीट तो काढो, पण पेढीचा जीएसटी क्रमांक टाकूनच काढो. वातानुकूलित तिकिटावर 5 टक्के जीएसटी लागतो, स्लीपरवर लागत नाही. क्रमांक असेल तर त्याची वजावट मिळते, नसेल तर ती रक्कम बुडाली. कंपोझिशनमधील व्यापाऱ्यांना हा लाभ नाही. गुजरातेतल्या लॉजवर भरलेला जीएसटी महाराष्ट्रातील पेढीला परत मिळत नाही, म्हणून तेथे पक्क्या बिलापेक्षा भाडे किती हेच पाहावे. एका दिवसात एकाच माणसाला 10 हजारांहून अधिक रोकड दिली, तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. लांबच्या फेरीची उचल म्हणूनच बँकेतून द्यावी.

वहीत प्रत्येक फेरीपुढे दोनच रकाने आखावेत : खर्च किती झाला आणि वसुली किंवा ऑर्डर किती आली. तीन-चार महिन्यांत दिसून येते की अमुक शहराचे काम फोनवरही भागते, आणि अमुक आडत्या माणूस समोर बसल्याशिवाय पैसे सोडत नाही.