रक्तपिपासूंचा दरबार : श्रेणी आणि शिष्टाचार

मार्क राइन-हेगन यांच्या 'व्हॅम्पायर : द मॅस्करेड' (१९९१) या भूमिकाखेळात खेळाडू संवादांतून रक्तपिपासू व्हॅम्पायरांची पात्रे साकारतात. त्यातील 'कॅमरिला' या संघाची समाजरचना सरंजामी आहे. शहराचा अधिपती 'प्रिन्स'. विविध कुलांचे ज्येष्ठ प्रतिनिधी 'प्रायमोजेन'. त्यांखाली नवदीक्षितांपर्यंतच्या पायऱ्या. आद्यपुरुष केनशी पिढी जितकी निकट, तितके रक्त सामर्थ्यवान.

या श्रेणीव्यवस्थेचे मर्म अमरत्वात आहे. मानवी सरंजामशाहीत मृत्यू वारसाला जागा मोकळी करून देतो. येथे ज्येष्ठांना वार्धक्याने मरण नाही, त्यामुळे पदे सहसा रिकामी होत नाहीत. अनुज्ञेवाचून स्वजातीयाचा वधही निषिद्ध आहे. परिणामी महत्त्वाकांक्षेला शिष्टाचाराची वाट धरावी लागते. परक्या शहरात येणाऱ्याने प्रिन्ससमोर हजर होऊन ओळख द्यावी, हा आतिथ्याचा दंडक. स्वीकारलेला उपकार हे ऋण ठरते. ते नाकारणाऱ्याची प्रतिष्ठा जाते आणि 'हार्पी' म्हणविणारे दरबारी टीकाकार त्याचा बोभाटा करतात. अशा समाजात विनय हेच शस्त्र होते आणि एखादे चुकलेले अभिवादनही कथानकाला कलाटणी देऊ शकते.