पिकअपचा गिअरबॉक्स अंगणात उतरवला, आणि हिशोब मांडला तेव्हा उरले 730 रुपये

या आठवड्याचा व्हिडिओ पाहिला असेल तर पिकअपखाली झोपलेला, कोपरापर्यंत काळा झालेला माणूस मीच. व्हिडिओ बारा मिनिटांचा आहे, काम पंधरा तासांचं होतं. मधलं बरंच काही कॅमेऱ्यात आलेलं नाही. फोनला हात लावावा असे हातच नव्हते, म्हणून ते इथे लिहितोय.

तुम्हाला माहितीच आहे, आपलं पशुखाद्याचं दुकान आहे, फलटणला. गाडी एकच. सोमवार, मंगळवार, बुधवार गोठ्यांवर पोती पोचवायची लाईन. गाय पेंड उद्यावर ढकलत नाही, त्यामुळे गोठेवालाही थांबत नाही. आणि शनिवारी संध्याकाळी गाडीने चढाला दम टाकला. रेस दिली की इंजिन ओरडतंय, गाडी मात्र तिथेच, आणि जळका वास. क्लच प्लेट संपली होती.

गॅरेजवाल्याने सांगितलं, क्लच सेट 7,200, मजुरी 3,500, ऑइल वेगळं, आणि गाडी मिळणार बुधवारी संध्याकाळी, कारण पुढे तीन गाड्या उभ्या. त्याची चूक काहीच नाही. पण माझी पूर्ण लाईन बुडत होती. आमचे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "सेट आण, उद्या काढू." आणि एक वाक्य जास्तीचं बोलले, "दुकानं बंद व्हायच्या आत क्रँकच्या मागचं ऑइल सील पण आण. लागो न लागो." रविवारी ते सील लागलं. आणलं नसतं तर उघडी गाडी सोमवारपर्यंत तशीच राहिली असती.

घरी करणार असाल तर सगळ्यात आधी गाडी कशावर उभी आहे ते बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही. विटांवर तर अजिबात नाही, वीट फुटते. मी 2,400 रुपयांचे दोन स्टँड घेतले, मागच्या चाकांना पुढून-मागून गुटके लावले, पहारीने गाडी हलवून पाहिली, मगच मामा खाली गेले. जमीनही पक्की हवी. आमच्या अंगणात कोबा आहे म्हणून जमलं, मातीत मी हे केलं नसतं.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. सेल्फ उतरवायचा असतो, तिथे करंट चालू ठेवून पाना फिरवायचा नाही. गिअर ऑइल खाली सोडलं. प्रॉपेलर शाफ्ट काढण्याआधी मामांनी दोन्ही फ्लँजवर रंगाची एक रेघ ओढली, परत बसवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे म्हणून. नाहीतर वेगात गाडी थरथरू शकते. क्लचचा खालचा सिलिंडर पाइप न सोडता नुसते बोल्ट काढून तारेने वर बांधला. पाइप सोडला की हवा शिरते आणि ब्लीडिंगचं काम वाढतं. एवढं झाल्यावर "आता पेडल कुणी दाबायचं नाही" असं मामांनी घरातल्या पोरांनाही बजावलं.

बोल्टसाठी माझी आयडिया: पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं चित्र काढायचं आणि जो बोल्ट जिथला तिथे टोचून ठेवायचा. सगळे सारख्या लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकतो, आपल्याला वाटतं घट्ट झाला, आणि जोड सैलच राहतो.

दुपारी एकला गिअरबॉक्स खाली आला. जॅकवर फळी, फळीवर गिअरबॉक्स, एका बाजूने मामा, दुसरीकडून मी आणि हाताखालचा पोरगा. वजन नुसतं शाफ्टवर लटकू द्यायचं नाही, एवढं एकच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

आता माझी चूक. नवी क्लच प्लेट फ्लायव्हीलवर बसवताना ती अगदी मधोमध यावी लागते, कारण गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या दात्यांतून जाऊन पुढच्या छोट्या बेअरिंगमध्ये शिरतो. मामांनी त्यासाठी लाकडी दांडक्याला टेप गुंडाळून मापाचा गज करून ठेवला होता. ते चहाला गेले आणि मी नजरेने मधोमध धरून प्रेशर प्लेट आवळून टाकली. वेळ वाचवला ना! संध्याकाळी गिअरबॉक्स वर चढवला तर बोटभर फट राहिली. गिअर टाकून मागची फ्लँज थोडी थोडी फिरवली, म्हणजे दाते जुळतात. तरी फट तशीच. साडेआठ वाजलेले, डोक्यात सोमवारची लाईन. मी दोन बोल्ट घातले आणि पान्याने ओढून घ्यायला लागलो.

मामांनी पाना हातातून काढून घेतला. "बोल्टाने ओढायचं नसतं. कान तुटला तर अख्खं हाउसिंग बदलशील." कान म्हणजे बोल्टाच्या भोकाभोवतीचा भाग, तो ॲल्युमिनियमचा. एका कानाला बारीक ओरखडा आला होता, तडा नव्हता. मी टॉर्च मारून चार वेळा बघितलं.

रात्री परत उतरवला. सोमवारी सकाळी सातला दांडक्याने प्लेट मधोमध केली, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. या वेळी हाताच्या धक्क्यानेच गिअरबॉक्स जागेवर बसला. वर प्लगच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत गिअर ऑइल भरलं. दहाला गाडी चालू.

आता हिशोब. गॅरेजचा रस्ता धरला असता तर 10,700, ऑइल 900, सील 450, आणि तीन दिवस भाड्याची गाडी. भाडं दिवसाला 2,800, त्यातून माझं रोजचं हजाराचं डिझेल वाचतं, म्हणजे जादा खर्च 5,400. एकूण 17,450. घरी: सेट, ऑइल, सील आणि स्टँड मिळून 10,950, पोराला 800. इथपर्यंत पाहिलं तर वाटतं, वा, पाच हजार सातशे वाचले! बहुतेक जण इथेच थांबतात. पण माझे पंधरा तास? बीबीएला अपॉर्च्युनिटी कॉस्टवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पण कळली ती त्या गाडीखाली. तासाला 150 धरले तरी 2,250. मामांनी पैसे घेतले नाहीत, पण तसा फिटर बाहेर 2,000 घेईल. आणि सोमवारी उशीर झाला म्हणून एका गोठ्याने 12 पोती दुसरीकडून घेतली, पोत्यामागे माझे 60 रुपये, म्हणजे 720 गेले. राहिले 730.

मामा नसते तर मी हे केलं असतं का? नाही. सरळ भाड्याची गाडी लावली असती. हाताशी जाणकार माणूस नसेल तर तुम्हीही तेच करा. स्टँड मात्र मला राहिले, आणि गॅरेजवाल्याशी आता बोलून ठेवलंय की वर्षातून एकदा क्लच तपासायला गाडी रविवारी आणतो.

राहिला प्रश्न प्लेट इतक्या लवकर का गेली. ड्रायव्हरचा डावा पाय सतत क्लचवर टेकलेला असतो. त्याला ओरडलो नाही. जुनी प्लेट त्याच्या हातात दिली, घासून रिव्हेट उघडे पडलेली. मंगळवारी मी त्याच्या शेजारी बसून पूर्ण लाईन फिरलो. पाय तीनदा गेला, तीनदा त्याने स्वतःच काढला. 12 पोतीवाल्या गोठ्यावरही गेलो, चहा घेतला. पुढच्या सोमवारची ऑर्डर त्यांनी अजून दिलेली नाही.