माप बोला

बुधवारची सकाळ. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार भरतोय. रस्त्याच्या कडेने पथाऱ्या पडताहेत. टेम्पोतून पोती उतरतात, तोंडं सुटतात आणि ताडपत्रीवर लोखंड ओतलं जातं. त्या खणखणाटात बोलणं थांबतं आणि लगेच पुन्हा सुरू होतं. पितळी नळ, पंख्यांची पाती, शिलाई मशिनची चाकं, पान्यांचे ढीग. बुधवारी आणि रविवारी, आठवड्यातून दोनदा हा पसारा मांडला जातो आणि दिवेलागणीला उचलला जातो.

माझ्या खिशात रुमालात गुंडाळलेली गिअरची लिव्हर आहे. ॲल्युमिनियमची, अंगठ्याएवढी, जपानी बनावटीची. जुन्या रेसिंग सायकलच्या तिरक्या दांड्यावर डाव्या-उजव्या बाजूंना अशा दोन लिव्हर असतात. हँडलवरचा एक हात सोडायचा, खाली वाकायचं आणि ओढायची. ही उजवीकडची, मागचा गिअर सांभाळणारी. सपाटीवर ती बरी चालते. दिवे घाटाच्या चढाला पायावर जोर आला की मात्र हळूहळू पुढे सरकते. केबल सैल पडते, चेन मोठ्या चकतीवरून लहान चकतीवर उतरते आणि पायडल एकदम जड होतं.

सायकलच्या सामानाची पथारी लांबूनच ओळखू येते. मागच्या भिंतीला रिमा टेकवलेल्या. पुढे पायडल, सीटच्या स्प्रिंगा, डायनॅमो, घंट्यांच्या वाट्या. चाचा उकिडवे बसून एका हबमधले छर्रे मोजताहेत.

“काय पायजे?”

“जुन्या गिअरच्या लिव्हर.”

ते हनुवटीनेच एका पत्र्याच्या डब्याकडे खूण करतात. “बघा त्याच्यात. भवानी व्हायचीये अजून, जास्त नाय सांगणार.”

डबा ताडपत्रीवर रिकामा होतो. निरनिराळ्या काळांतला माल एकमेकांत गुंतलाय. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा ट्रिगर, त्यावरचे आकडे पुसट. लुधियानाच्या प्लास्टिकच्या मुठीची एक जोडी. डोकं तुटलेल्या केबली. नव्वदच्या दशकातल्या माउंटन बाइकचे दोन बोटांनी चालणारे बंद डबीतले शिफ्टर. आणि तळाशी, काळ्या तेलात माखलेल्या, मला हव्या त्या जातीच्या तीन सुट्या लिव्हर.

या लिव्हरींचं काम समजायला सोपं आहे. चेन सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरची स्प्रिंग केबलला सतत आपल्याकडे ओढत असते. लिव्हरने तिला धरून ठेवायचं असतं. या साध्या लिव्हरमध्ये खटका नसतो, दाते नसतात. धरून ठेवणारं असतं ते फक्त घर्षण. लिव्हरच्या दोन्ही अंगांना वॉशर असतात आणि मधला स्क्रू त्यांना आवळून धरतो. वॉशर झिजले, पातळ झाले, की स्क्रू कितीही पिळा, पकड येत नाही. धातूला सहसा काही झालेलं नसतं. झिजतो तो एक मिलिमीटर जाडीचा फायबर किंवा नायलॉनचा तुकडा.

तिन्ही लिव्हर मी अंगठ्याने पुसून बघतो. एकीचं टोक वाकलंय. दुसरीचं भोक लांबट झालंय, ती डुगडुगणार. तिसरीचा स्क्रू गंजलाय, पण स्क्रूखालचा लोखंडी वॉशर शाबूत आहे. त्याचं भोक पूर्ण गोल नाही, दोन बाजूंनी सपाट आहे. दांड्याच्या खुंटीवर तो घट्ट बसतो आणि लिव्हरबरोबर फिरत नाही. तो फिरायला लागला तर प्रत्येक गिअरला स्क्रू थोडा थोडा ढिला होत जातो. माझ्या लिव्हरमध्ये मात्र त्याचाही सपाट भाग घासून गोल झालाय. हा वॉशर हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. तो अशा डब्यातच शोधावा लागतो.

“साठ द्या,” चाचा म्हणतात. मी साठ देतो.

शेजारी कॉलेजातला एक मुलगा उन्हात तोंड वाकडं करून उभा आहे. त्याच्या हातात बंद डबीतला शिफ्टर. दाबला की पोकळ जातो, काही धरतच नाही. “चाचा, असा दुसरा आहे का?”

चाचा तो हातात घेतात, कानाशी नेऊन दाबतात. “मेला नाय हा. ग्रीस सुकलंय.” अर्ध्या कापलेल्या बाटलीत डिझेल आहे. शिफ्टर त्यात बुडतो. आत एक बारीकसा खटका असतो. स्प्रिंगच्या जोराने तो दात्यांत बसतो. वर्षानुवर्षांचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं की खटका चिकटून राहतो आणि दात्यांपर्यंत पोचतच नाही. वाट बघावी लागते. मुलगा मोबाइल बघतो, मी सावली शोधतो. मागे एक जण जुन्या कुलपाच्या किल्ल्यांवरून घासाघीस करतोय. चाचा मधूनच शिफ्टर बाहेर काढतात, दाबतात, पुन्हा बुडवतात. डिझेल तपकिरी होत जातं. मग एकदम टक् आवाज येतो. पुन्हा टक्.

“पातळ तेल सोडा आत. ग्रीस नका लावू परत.” दहा रुपये हातावर पडतात.

उठता उठता डब्यातली आणखी एक लिव्हर दिसते. तिच्या टोपीवर फिरवायची कडी आहे. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस मालिकेत खटक्यावर चालणारा गिअर आणला. लिव्हर एका खटक्याला एकच चकती बदलायची. पण त्या काळच्या अशा लिव्हरींत एक सोय राखली होती. कडी फिरवली की खटका बाजूला होतो आणि लिव्हर जुन्या पद्धतीने, नुसत्या घर्षणावर चालते. आज ज्यांचे खटके झिजलेत त्यांना या कडीने एक पैसा न घालता अजून बरीच वर्षं मिळतात. १९९० मध्ये ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत आले. त्या मुठीच्या पोटात इतके बारीक भाग असतात की ती उघडायला कारागीर सहसा तयार होत नाहीत. दांड्यावरची लिव्हर मात्र एका स्क्रू-ड्रायव्हरने उघडते.

रास्ता पेठेतून चालत नाना पेठ. ऊन आता डोक्यावर. सायकलच्या दुकानांच्या दारांवर टायरच्या माळा लटकताहेत, आत रबराचा वास कोंडलाय. काउंटरपाशी रांग अशी नाही, नुसती गर्दी. सगळ्यांचे हात पुढे, हातांत काळे पडलेले भाग. कुणाचा फ्रीव्हील, कुणाची क्रँकची खीळ, कुणाची ब्रेकची तार. इथे येणारे बहुतेक दुरुस्तीच्या दुकानांतली पोरं. ती भागाचं नाव घेत नाहीत. भाग काउंटरवर ठेवतात, आतला माणूस बघतो आणि मागच्या खणात हात घालतो.

माझी पाळी येते.

“या लिव्हरचे वॉशर मिळतील?”

“सुटे नाय येत. पूर्ण सेट घ्या.” तो एक नवा प्लास्टिकचा सेट पुढे सरकवतो.

“सेट नको. फायबरचे वॉशर मिळाले तरी चालतील.”

“ते इथं नाय, बोहरी आळीत. पण तिथं कंपनी सांगू नका. माप सांगा.”

केबल मात्र इथेच घ्यायची. तो विचारतो, “ब्रेकची का गिअरची?” आणि माझ्या उत्तराआधीच बारीक तार काढतो. गिअरची तार साधारण १.२ मिलिमीटर, ब्रेकची दीडच्या आसपास. गिअरच्या तारेचं डोकं लहान असतं, लिव्हरच्या खाचेत बरोबर बसतं. घाईत ब्रेकची तार घेऊन गेलं तर ती खाचेतच शिरत नाही. ही तार चाळीस रुपये. त्याने ती बोटांतून ओढून दाखवली, कुठे धागा सुटलेला नाही. जुनी गंजकी तार बाहेरच्या नळीत, म्हणजे आउटरमध्ये, अडकत असेल तर लिव्हरला दोष देऊन उपयोग नाही. म्हणून लिव्हर उघडताना तार बदलायचीच, असं इथली पोरंही सांगतात.

बोहरी आळीत शिरलं की रस्ता संपतो आणि नुसती माणसं उरतात. हातगाडीवर पाइप, टेम्पोचं नाक दुकानाच्या पायरीला लागलेलं. हमाल ओरडतो, “बाजू, बाजू!” सगळे भिंतीला चिकटतात, गाडी जाते, भिंतीवरून सगळे सुटतात. दुकानं अरुंद आणि खोल. भिंतभर खण, खणाखणांवर तारेने बांधलेला एकेक नमुना. आतला पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतोय. पुढे पाच-सहा गिऱ्हाइकं. कुणाला पंपाचं पॅकिंग, कुणाला दाराची बिजागरी. घाम पाठीवरून उतरतो. कुणी तक्रार करत नाही. प्रत्येकाला माहीत आहे, काका एका वेळी एकच गिऱ्हाईक बघतात.

“माप बोला.”

“फायबर वॉशर. आतलं भोक दहा, जाडी एक.”

“बाहेरचं?”

“थोडं मोठं चालेल. कानशीने उतरवू.”

काका मान हलवतात. त्यांना उत्तर पटलंय. व्हर्निअर न घेता ते चिमटीत जुना वॉशर फिरवतात, एका खणातून मूठभर लाल-तपकिरी चकत्या काढतात, त्यातल्या चार निवडून काचेवर ठेवतात. हेच वॉशर नळाच्या जोडात बसतात, पंपात बसतात. सायकलची लिव्हर बनवणाऱ्याने काही वेगळा जिन्नस वापरलेला नव्हता. चारांचे दहा रुपये. पाच मिलिमीटरचा, ०.८ आट्याचा ॲलन बोल्ट आणखी पाच रुपयांत. मूळच्या स्क्रूला बोटाने फिरवायची कडी होती, या बोल्टला पाना लागेल. पण धरून ठेवायचं काम दोघांचं सारखंच.

हातातल्या कागदी पुडीकडे बघताना आजच्या सगळ्या फिरण्याचा हिशेब डोळ्यांपुढे येतो. एका लिव्हरचे भाग सुटे केले तर त्यातला एकच असा निघाला की त्याच्यासाठी जुन्या मालाचा डबा उपसावा लागला. बाकी सगळी नुसती मापं होती आणि ती रोजच्या दुकानांत पडलेली होती. लिव्हर उघडून न बघता पूर्ण जोडी शोधत बसलो असतो तर ती परदेशातून मागवावी लागली असती आणि खर्च हजारांत गेला असता.

कसबा पेठेत एका वाड्याच्या बोळात सायकली दुरुस्त करणाऱ्या मामांचं दुकान. दुकान म्हणजे एक बाकडं, एक शिकंजा आणि छताला टांगलेल्या सायकली. मामा आधी हात धुतात. लिव्हरीला हात लावायच्या आधी ते नेहमी हात धुतात.

“तेलाचं बोट लागलं की हे वॉशर घसरले. इथं कोरडंच पाहिजे.”

दांड्यावरच्या खुंटीत ते पाच मिलिमीटरचा टॅप उतरवतात. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. आट्यांतून काळा भुगा निघतो. फायबरची कड कानशीवर दोन वेळा फिरते आणि चकती लिव्हरच्या खोबणीत बसते. मग क्रम लागतो: खाली लोखंडी चकती, मग फायबर, मग लिव्हर, पुन्हा फायबर, वर डब्यातला तो सपाट भोकाचा वॉशर, शेवटी बोल्ट. मामा प्रत्येक थर बोटाने दाबून बघतात. नवी तार खाचेतून जाते, डिरेलरच्या बोल्टखाली पक्कडीने ताणली जाते.

सायकल उचलून मागचं चाक फिरवतात. लिव्हर मागे ओढली, चेन पायऱ्या चढत सगळ्यांत मोठ्या चकतीवर गेली. आता हात काढायचा. मामा पायडल जोरात दाबतात, चाक अडवतात, पुन्हा दाबतात. लिव्हर जागची हलत नाही. बोल्ट किंचित सैल करतात, कारण फार आवळलं तर अंगठा दुखतो आणि नवा वॉशर लवकर जातो. पुन्हा दाबतात. टिकली.

मजुरीचे पन्नास धरून सगळं पावणेदोनशेच्या आत बसलंय. पुडीत दोन वॉशर उरलेत. डब्यातल्या लिव्हरीचा सांगाडाही आहे. त्याची टोपी चांगली आहे. मी दोन्ही मामांच्या बाकड्यावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. माझी डावी लिव्हर झिजेल तेव्हा ते इथेच सापडतील. त्याआधी दुसऱ्या कुणाला लागले तर मामांनी त्याला बसवून द्यावेत.