एक काठी, दोन वह्या

१० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसराचा लहान गटात अभ्यास करावा, या हेतूने १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. आज मी तुम्हांला दोघांनी मिळून वर्षभर करण्याचा एक प्रयोग सुचवणार आहे. साहित्य थोडेच लागते: एक सरळ काठी, खडू, टेप आणि एक मित्र.

काठी जमिनीवर बरोबर एक मीटर उंच राहील अशी सपाट जागी रोवा. ती उभी आहे ना, हे ओळंब्याने तपासा. आपले प्राचीन ज्योतिर्विद अशा काठीला शंकू म्हणत. दर रविवारी पावणेबारापासून बारा पस्तीसपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वांत आखूड सावली ती माध्यान्हीची.

आपली ब्रह्मपुरी सुमारे २०.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून २२ डिसेंबरला ही सावली सुमारे ९७ सेंटिमीटर, तर २१ मार्चला सुमारे ३८ सेंटिमीटर भरेल. २३-२४ मेच्या सुमारास ती नाहीशी होईल आणि २१ जूनला चक्क दक्षिणेकडे ५ सेंटिमीटर पडेल!

तुम्ही म्हणाल, यात मित्र कशाला हवा? ऐका तर.

शाळेत असताना मी एका मित्राबरोबर हा प्रयोग केला. घड्याळात बारा वाजले की मी सावली मोजत असे. मित्राचे घर लांब. तो वीस-पंचवीस मिनिटे उशिरा येई आणि पुन्हा मोजे. फेब्रुवारीत त्याचा आकडा दर वेळी माझ्यापेक्षा सेंटिमीटरभर कमी येऊ लागला. "तू उशिरा येतोस म्हणून चुकतोस," असे म्हणून मी त्याचे आकडे खोडले. तो काही बोलला नाही. पण पुढच्या रविवारी आलाही नाही.

चूक माझीच होती, हे मला महाविद्यालयात गेल्यावर कळले. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवते. ब्रह्मपुरी त्याच्या सुमारे २.६ अंश पश्चिमेला, म्हणून येथील माध्यान्ह सरासरी साडेदहा मिनिटे उशिरा होते. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला. त्यामुळे माध्यान्हीची वेळ पुढेमागे सरकते. नोव्हेंबरच्या आरंभी ती ११ वाजून ५४ मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून २५ मिनिटांनी येते. म्हणजे खरी माध्यान्हीची सावली मित्रच मोजत होता!

सूर्य बिंदू नसून तबकडी आहे. त्यामुळे सावलीचे टोक पुसट दिसते आणि दोघांच्या मापनात थोडा फरक कधी इकडे, कधी तिकडे पडतोच. पण फरक सतत एकाच बाजूला पडू लागला, तर त्यामागचे कारण शोधलेच पाहिजे. म्हणून वह्या दोन ठेवा. आधी स्वतंत्रपणे मोजा, मगच ताडून पाहा. ढग आले तर ती जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. सूर्याकडे थेट पाहू नका, आणि मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधायला विसरू नका.

आकडे जुळले नाहीत तर कोणाचाही आकडा खोडू नका. दोघेही काठीपाशी जा आणि पुन्हा मोजा.