नाव वडिलांचं, हात मुलाचा

जपानी तलवारीची मूठ काढली की आतला पोलादी दांडा दिसतो. त्याला नाकागो म्हणतात. घडवणारा छिन्नीने त्यावर आपलं नाव कोरतो, आणि सर्वसाधारण समज असा की नाव ज्याचं, तलवार त्याच्याच हातची. नामांकित उस्तादाच्या उतारवयातल्या तलवारींना हा नियम लावायला गेलं तर फसगत ठरलेली.

मुळात कताना, म्हणजे जपानी तलवार, एकट्याने घडतच नाही. उस्तादाने तापलेलं पोलाद ऐरणीवर धरायचं आणि समोर उभ्या शिष्यांनी घण घालायचे, ही तिथली जुनी रीत. उस्ताद थकला किंवा आजारी पडला की एकेक काम मुलाकडे, थोरल्या शिष्याकडे जातं. शेवटी पात्याला मातीचा लेप देऊन पाणी देण्याचं सर्वांत जोखमीचं कामही त्यांच्यावर येतं. नाव मात्र उस्तादाचंच राहतं, कारण गिऱ्हाईक त्या नावासाठी येतं.

ओसाकाचे इझुमी नो कामी कुनिसादा 1652 मध्ये वारले. शेवटच्या वर्षांत प्रकृतीने साथ सोडली, तेव्हा जेमतेम विशीतला त्यांचा मुलगा तलवारी घडवत होता आणि नाव वडिलांचं कोरत होता. हाच मुलगा पुढे इनोऊए शिंकाई म्हणून गाजला. त्यामुळे वडिलांच्या नावाची काही शेवटची पाती अभ्यासक आज शिंकाईची सुरुवातीची कामं म्हणून पाहतात. उतारवयातलं काम म्हणजे पडतं काम, हा समज इथेच कोसळतो.

मग ही ग्राहकाची फसवणूकच नाही का? अजिबात नाही, आणि हे ठामपणे सांगायला हवं. उस्तादाच्या संमतीने दुसऱ्याने घडवलेल्या तलवारीला जपानी जाणकार दाइसाकू म्हणतात, संमतीने दुसऱ्याने कोरलेल्या नावाला दाइमेई. खोटं नाव म्हणजे गिमेई, आणि ते पूर्णपणे वेगळं प्रकरण. एदोच्या नागासोने कोतेत्सुच्या नावावर बाहेरच्यांनी बनावट पाती खपवली, ती गिमेई. मुलाने वडिलांच्या भट्टीवर, त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या डोळ्यांदेखत घडवलेली तलवार अशा बनावट पात्यांच्या पंगतीत बसवणं हा अन्याय आहे.

सगळ्यात मोठा घोळ नावांचा. क्यूशू बेटावरच्या हिझेन प्रांतातले पहिले तादायोशी 1572 चे. क्योतोत उमेतादा म्योजूंकडे शिकून ते परतले आणि सागाच्या नाबेशिमा सरदारांसाठी तलवारी घडवू लागले. 1624 मध्ये त्यांना ‘मुसाशी दाइजो’ हा किताब मिळाला आणि त्यांनी नाव बदलून तादाहिरो केलं. म्हणजे ‘मुसाशी दाइजो फुजिवारा तादाहिरो’ ही कोणा दुसऱ्याची सही नव्हे. ती याच उस्तादाची 1632 मधल्या मृत्यूपर्यंतची सही. गंमत पुढे आहे. मुलानेही तादाहिरो हेच नाव घेतलं, त्याला ‘ओमी दाइजो’ किताब मिळाला आणि नातू पुन्हा तादायोशी झाला. नुसतं नाव वाचून पिढी ठरवणारा इथे हमखास चुकतो; किताबासकट पूर्ण सही वाचावी लागते.

ओमी दाइजो तादाहिरो दीर्घायुषी निघाले. 1693 मध्ये ते गेले, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांचा मुलगा, म्हणजे तिसरे तादायोशी, त्यांच्या सात वर्षं आधीच वारला होता. आयुष्यातला मोठा काळ त्याने वडिलांच्या कामात हात दिला, म्हणून त्याच्या स्वतःच्या सहीच्या तलवारी वडिलांच्या मानाने कमी सापडतात. त्याचा कितीतरी घाम ‘ओमी दाइजो’ या अक्षरांमागे आहे. आणि तो कमी दर्जाचा कारागीर मुळीच नव्हता: 1797 च्या ‘काइहो केन्जाकू’ या ग्रंथात धारेच्या कसोटीवर आजोबा आणि नातू दोघेही सर्वोच्च श्रेणीत आहेत, वडील त्याखाली.

‘सहीचं वळण बदललं, म्हणजे नकली’ हाही घाईचा निष्कर्ष. माणसाचं अक्षर वयाबरोबर बदलतं, छिन्नीचंही बदलतं. म्हणून जाणकार साल कोरलेल्या तलवारी ओळीने लावून वळण कसं सरकत गेलं ते बघतात. मग रेघेची खोली, छिन्नी कुठे टेकली आणि कुठे उचलली, नाकागोवरच्या कानशीच्या रेघांचा कल, आणि सही कुठल्या अंगाला आहे, हे तपासतात. हिझेनच्या या घराण्यात लांब तलवारीवर सही इतरांच्या उलट बाजूला असते. पात्याचा पोतही बोलतो. हिझेनच्या पोलादाचा बारीक, दाट पोत तांदळाच्या कोंड्यासारखा दिसतो, म्हणून त्याला कोनुका-हादा म्हणतात. एवढं करूनही एकमत होतंच असं नाही. ओसाफुनेच्या नागामित्सुच्या ‘साकोन शोगेन’ हे पद कोरलेल्या तलवारी पहिल्या नागामित्सुच्या उतारवयातल्या की त्याच नावाच्या दुसऱ्या पिढीच्या, हा वाद जुना आहे.

सही नाही म्हणून तलवार हलकी, असंही नाही. लांब तलवारी पुढे आखूड करताना नाकागो खालून कापला जाई आणि सही त्याबरोबर जाई. नामवंत उस्ताद मासामुनेच्या मानल्या गेलेल्या बहुतेक तलवारींवर सहीच नाही.

या सगळ्या तपासणीचा मोठा आधार म्हणजे नाकागोवरचा गंज. कोरलेल्या रेघेच्या तळाशी आणि तिच्या आजूबाजूला गंजाचा रंग सारखा असेल, तर सही पात्याइतकीच जुनी असण्याची शक्यता वाढते. रेघेत तो ताजा दिसला तर संशय घ्यावा. म्हणून कधी अशी जुनी तलवार हाती आली, तर पात्याला बोट लावू नका आणि नाकागो कशानेही घासू नका. तो गंज एकदा गेला की तलवार कोणाची, हे ठरवण्याचा पुरावाही कायमचा जातो.